टिचकीगणिक दाम : लहान पेढीसाठी नव्या जाहिरातीचे पहिले धडे

व्यापार म्हटला की प्रसिद्धी ओघानेच आली. पेढीची पाटी, दिवाळीच्या सुमारास वाटावयाची दिनदर्शिका, लग्नसराईच्या तोंडावर वर्तमानपत्रात द्यावयाची चौकट, किंवा अशा स्मरणिकेतील शुभेच्छांचे पान, ही सारी प्रसिद्धीचीच रूपे होत. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. दाम आधी मोजावा लागतो. मात्र त्या दामाच्या बळावर किती गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले, हे कधीच नेमके कळत नाही.

आज गिऱ्हाईकाची रीत पालटली आहे. घरात लग्न निघाले, की बाजारात निघण्यापूर्वी सून किंवा मुलगी हातातील फोनला विचारते, की पैठणी चांगली कोठे मिळेल, पितळी समईचे दुकान कोणते, स्टीलच्या भांड्यांचा घाऊक भाव काय. या प्रश्नाच्या उत्तरात ज्या पेढ्यांची नावे वर दिसतात, तिकडे तिची पावले वळतात. आपली पेढी तीन पिढ्यांची असली, तरी त्या उत्तरात तिचे नाव नसेल, तर नव्या गिऱ्हाईकाच्या लेखी ती नसल्यासारखीच होय. म्हणून या उत्तराच्या जागी आपले नाव दाम मोजून कसे लावावे, त्यात भांडवल कसे बुडते व कसे राखावे, याचा क्रमवार विचार आम्ही येथे करणार आहोत. या जाहिरातीस इंग्रजीत ‘पे-पर-क्लिक’ म्हणतात. नाव दिसल्याचा दाम नाही. गिऱ्हाईकाने त्या नावावर टिचकी मारली, म्हणजेच क्लिक केले, तरच दाम. ‘टिचकीगणिक दाम’ हे आम्ही तिचे मराठी नामकरण करतो.

या पद्धतीचा जन्म

ही कल्पना फार जुनी नाही. 1998 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात बिल ग्रॉस या उद्योजकाच्या ‘गोटू डॉट कॉम’ या संस्थेने शोधाच्या उत्तरांतील जागा लिलावाने विकण्यास आरंभ केला. जो अधिक बोली लावील त्याचे नाव वर, आणि दाम मात्र क्लिक झाल्यावरच, अशी ती सरळ रीत होती. पुढे 2001 मध्ये या संस्थेचे नाव ‘ओव्हरचर’ झाले व 2003 मध्ये ‘याहू’ने ती विकत घेतली. गूगलने ऑक्टोबर 2000 मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’ या नावाने जाहिरातींचे दालन उघडले, तेव्हा तेथे दाम क्लिकवर नव्हता. जाहिरात हजार वेळा दिसल्यावर तो आकारला जाई. 2002 मध्ये गूगलने क्लिकगणिक दामाचा लिलाव स्वीकारला आणि त्यात एक महत्त्वाची सुधारणा केली. केवळ बोलीवर जागा न ठरविता, जाहिरात लोकांना कितपत उपयुक्त वाटते हेही त्या संस्थेने हिशेबात धरले. 2018 मध्ये या दालनाचे नाव ‘गूगल अ‍ॅड्स’ असे झाले.

आज हीच रीत मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रावर आणि अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांसारख्या बाजारपेठांतही चालते. तथापि आरंभ करणाऱ्याने एकाच जागी पाय रोवावेत हे उत्तम. म्हणून पुढील विवेचन गूगलच्या शोधातील जाहिरातीस धरून केले आहे.

लिलावाची रीत

लिलाव ही गोष्ट आपणांस नवीन नाही. सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ, ब्याडगीची मिरची, हे सारे सौदे लिलावानेच होत आले आहेत. परंतु बाजार समितीतील लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाराच माल उचलतो. येथे तसे नाही, आणि लहान पेढीला जी काही आशा आहे ती याच भेदात आहे.

उदाहरणादाखल तीन वस्त्रविक्रेते घेऊ. सर्व आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. पहिल्याची बोली प्रत्येक क्लिकला 20 रुपये आहे, पण त्याची जाहिरात ढोबळ असल्याने तिची गुणवत्ता 3 धरली. दुसऱ्याची बोली 12 रुपये, पण जाहिरात प्रश्नाला नेमके उत्तर देणारी. तिची गुणवत्ता 8. तिसऱ्याची बोली 10 रुपये व गुणवत्ता 4. आता बोली आणि गुणवत्ता यांचा गुणाकार करावा. पहिल्याचा येतो 60, दुसऱ्याचा 96, तिसऱ्याचा 40. म्हणजे 20 रुपये बोलणारा दुसऱ्या जागी आणि 12 रुपये बोलणारा पहिल्या जागी.

दाम किती द्यावयाचा, ही गंमत याहून मोठी आहे. आपल्या खालच्यावर मात करण्यास जेवढे पुरे, साधारण तेवढेच मोजावे लागते. दुसऱ्या विक्रेत्याला 60 चा आकडा गाठावयाचा आहे. त्याची गुणवत्ता 8 आहे. 60 ला 8 ने भागले की साडेसात रुपये येतात. बोली 12 ची असूनही त्याला सुमारे साडेसात रुपयेच पडतात. पहिल्याला मात्र 40 भागिले 3, म्हणजे सुमारे 13 रुपये 33 पैसे मोजून खालच्या जागेवर समाधान मानावे लागते. प्रत्यक्षातील हिशेबात शोधणाऱ्याचे ठिकाण, वेळ, किमान पात्रता अशा आणखी गोष्टी मिसळलेल्या असतात आणि तो प्रत्येक शोधागणिक नव्याने होतो. तरी त्याचा गाभा हाच.

ही गुणवत्ता मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते. जाहिरातीवर लोक क्लिक करतील असा संभव किती, जाहिरातीचा मजकूर विचारलेल्या प्रश्नाशी कितपत जुळतो, आणि क्लिक केल्यावर जे पान उघडते ते उपयोगी व सुकर आहे काय. जाहिरातदाराला समजावे म्हणून गूगल या तिन्हींचा निर्देशांक 1 ते 10 या आकड्यांत दाखविते. तात्पर्य, थोड्या भांडवलाच्या पेढीने बोली वाढविण्याच्या शर्यतीत पडू नये. नेमकेपणा वाढवावा, म्हणजे दाम आपोआप उतरतो.

आधी हिशेब, मग बोली

आपल्या वाडवडिलांनी मालाची पडतळ काढल्यावाचून भाव सांगितला नाही. येथेही तोच नियम पाळावा. ‘एका क्लिकला मी जास्तीत जास्त किती देऊ शकतो?’ या प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडल्यावाचून खाते उघडूच नये.

समजा, एका साडीच्या दुकानात प्रत्येक विक्रीमागे माल व इतर थेट खर्च वजा जाता 600 रुपये सुटतात. समजा, जाहिरातीवरून आलेल्या 100 जणांपैकी 4 जण शेवटी खरेदी करतात. म्हणजे 100 क्लिकांमागे 2,400 रुपये सुटले. एका क्लिकचे मोल 24 रुपये झाले. क्लिकला 24 रुपये दिल्यास हाती काहीच उरत नाही. केवळ उलाढाल होते. म्हणून 12 रुपयांची मर्यादा घालावी, असे आम्ही सुचवितो.

आता महिन्याचा अंदाज पाहू. दिवसाला 240 रुपये ठरविले, तर 12 रुपयांप्रमाणे 20 क्लिक मिळतील. 30 दिवसांत 600 क्लिक व 7,200 रुपये खर्च. शंभरात चार या मानाने 24 विक्री होऊन 14,400 रुपये सुटतील. खर्च वजा जाता 7,200 रुपये उरतील. परंतु शंभरात चारऐवजी दोघांनीच खरेदी केली, तर 12 विक्रींचे 7,200 रुपयेच येतील आणि जमा व खर्च यांची तोंडमिळवणी होऊन हाती शून्य राहील. हे ‘चार’ की ‘दोन’, यातच नफा-तोट्याचे सारे रहस्य आहे. आणि तो आकडा पुस्तकात मिळत नाही, स्वतःच्या अनुभवाने शोधावा लागतो.

दोन बारकावे ध्यानी ठेवावेत. पहिला कराचा. या जाहिरातीच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. नियमित नोंदणी असलेल्या पेढीने खात्यात आपला जीएसटी क्रमांक भरून ठेवल्यास, नियमांत बसेल तेथे त्याची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील दुकानदारास ती मिळत नाही. त्याने हा कर पडतळीतच धरावा. दुसरा बारकावा दैनिक मर्यादेचा. तुम्ही 240 रुपये लिहिलेत म्हणून प्रत्येक दिवशी तेवढेच कापले जातील असे नाही. गिऱ्हाईकाची गर्दी असलेल्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत, म्हणजे 480 रुपयांपर्यंत, खर्च होऊ शकतो. मात्र पूर्ण महिन्याचे बिल दैनिक आकड्याच्या 30.4 पटीहून, म्हणजे येथे 7,296 रुपयांहून, अधिक होत नाही. एखाद्या दिवशी मोठा आकडा पाहून घाबरून जाहिरात बंद करणारे दुकानदार पुष्कळ असतात. त्यांनी हा नियम लक्षात ठेवावा.

शब्दांची निवड

या जाहिरातीचा कच्चा माल म्हणजे शब्द. गिऱ्हाईक कोणते शब्द लिहील, त्यांची यादी दुकानदाराने करावयाची असते. यादी लांब असण्यापेक्षा नेमकी असणे महत्त्वाचे.

शोधणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. ‘साडी कशी नेसावी’ असे विचारणारी भगिनी ज्ञान शोधते आहे. ‘पैठणी आणि कांजीवरम यांत फरक काय’ असे विचारणारी तुलना करते आहे. ‘बेळगावात लग्नाच्या साड्यांचे दुकान’ असे लिहिणारी मात्र पिशवी घेऊन निघण्याच्या बेतात आहे. थोड्या भांडवलाने आरंभ करणाऱ्याने या तिसऱ्या वर्गाचेच शब्द घ्यावेत.

शब्द किती सैल वा घट्ट धरावयाचे, हे सांगण्याच्या तीन तऱ्हा आहेत. शब्द नुसता लिहिला, तर त्याच्याशी दूरान्वयाने संबंध असलेल्या शोधांवरही जाहिरात झळकते. शब्दसमूह अवतरण चिन्हांत लिहिला, तर त्या अर्थाचा समावेश असलेल्या शोधांवर झळकते. चौकोनी कंसात लिहिला, तर त्याच अर्थाच्या शोधांपुरतीच राहते. खाते उघडताना बहुधा पहिली, सैल तऱ्हाच आयती पुढे येते. नवशिक्याचे पैसे प्रथम गळतात ते येथेच. आम्ही सुचवू की पहिले दोन महिने दुसऱ्या व तिसऱ्या तऱ्हेनेच काम चालवावे.

याहून महत्त्वाची आहे ती वर्ज्य शब्दांची यादी. साडीच्या दुकानदाराने ‘फोटो’, ‘चित्र’, ‘फुकट’, ‘भाड्याने’, ‘नोकरी’, ‘जुन्या’, ‘शिवण’ हे शब्द आरंभीच वर्ज्य म्हणून नोंदवावेत. भांडीवाल्याने ‘दुरुस्ती’ व ‘भंगार’ टाळावेत. येथे एक खोच आहे. वर्ज्य शब्दाचे समानार्थी शब्द आपोआप वर्ज्य होत नाहीत. ‘फुकट’ टाळले म्हणून ‘मोफत’ टळत नाही. एकवचन व अनेकवचन, मराठी व इंग्रजी, अशी रूपे स्वतंत्र लिहावी लागतात. दर आठवड्यास खात्यातील ‘शोधसंज्ञां’चे पत्रक उघडून, लोकांनी प्रत्यक्ष काय लिहिले होते ते वाचावे आणि निरुपयोगी शब्द या यादीत घालावेत. दुकानातील धूळ रोज झाडावी लागते, तसेच हे काम आहे.

आपल्या सीमाभागातील व दूरच्या मराठी वस्त्यांतील व्यापाऱ्यांना एक विशेष संधी आहे, तिचा उल्लेख केला पाहिजे. आपले गिऱ्हाईक एकाच भाषेत शोधत नाही. एकच स्त्री सकाळी देवनागरीत, दुपारी रोमन लिपीतील मराठीत, तर सायंकाळी इंग्रजीत लिहिते; शेजारीण कन्नडमध्ये लिहिते. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी, वडोदऱ्यास गुजराती, हैदराबादेस तेलुगू व हिंदी-उर्दू, गोव्यात कोंकणी, असा हा मेळ आहे. गावांच्या नावांचेही तसेच. बेळगावचे अधिकृत नाव 2014 मध्ये बेळगावी झाले, तरी बेळगाव, बेळगावी व इंग्रजी वळणाचे बेलगाम, ही तिन्ही रूपे लोकांच्या बोटांवर आहेत. बडोद्याचे 1974 मध्ये वडोदरा झाले, पण बडोदे आणि बरोडा ही नावे गेलेली नाहीत. दूर शहरात बसून याद्या करणाऱ्या मोठ्या कंपनीस ही रूपे सहसा सुचत नाहीत. तुमच्या गल्ल्यावर बसणाऱ्या मुलास ती तोंडपाठ असतात. जेथे स्पर्धा थोडी, तेथे दामही थोडा. घरची ही जाण भांडवलाइतकीच मोलाची समजावी.

गाव, वेळ आणि जागा

जाहिरात कोठे दिसावी हे ठरविता येते, आणि ते ठरविलेच पाहिजे. बेळगावच्या दुकानदाराने साऱ्या देशभर नाव झळकविण्यात अर्थ नाही. शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, चंदगड, आणि खरेदीसाठी घाट चढून येणारे गोव्याचे लोक, एवढी सीमा पहिल्या महिन्यास पुरे. येथेही एक आयती मांडणी फसवी ठरते. मूळ मांडणीत, त्या गावात असणारे लोक आणि त्या गावाविषयी केवळ कुतूहल दाखविणारे लोक, असे दोघेही धरलेले असतात. ती बदलून ‘त्या ठिकाणी असणारे किंवा नियमित येणारे’ एवढेच ठेवावे. गोव्यासारखा भाग हवा असल्यास तो यादीत स्वतंत्रपणे लिहावा.

दुकान बंद असताना फोन उचलावयास कोणी नसते. मग त्या वेळी क्लिकचा दाम कशासाठी? साप्ताहिक सुट्टीचा दिवस व रात्रीचे तास वगळण्याची सोय खात्यात आहे. तसेच शोधाची जाहिरात चालू करताना, तीच जाहिरात इतर संकेतस्थळांवर पसरविण्याचा पर्याय पुढे केला जातो. त्यास ‘डिस्प्ले नेटवर्क’ म्हणतात. तो आरंभी बंद ठेवावा. बातमी वाचता वाचता चुकून अंगठा लागलेला वाचक आणि साडी शोधणारी गिऱ्हाईक, या दोघांचा दाम एकच मानणे व्यापाराच्या दृष्टीने योग्य नव्हे.

मजकूर आणि पान

जाहिरातीसाठी 30 अक्षरचिन्हांपर्यंतची 15 शीर्षके व 90 चिन्हांपर्यंतची 4 वर्णने देता येतात. यंत्र त्यांतून निवड करून जुळणी करते. देवनागरीतील काना, मात्रा व वेलांट्याही मोजणीत येत असल्याने आपल्या शीर्षकास जागा आणखी कमी मिळते. ‘सर्वोत्कृष्ट सेवा’, ‘विश्वासाचे एकमेव ठिकाण’ अशी वाक्ये कोणीही लिहू शकतो. म्हणून ती कोणालाच उपयोगी पडत नाहीत. त्याऐवजी ‘पैठणी 6,500 पासून’, ‘अमुक चौकात, वाहनतळाची सोय’, ‘सकाळी 10 ते रात्री 8’ असे लिहावे. भाव लिहिल्याने ज्याला तो परवडत नाही तो क्लिक करीत नाही. त्यातही आपलेच पैसे वाचतात.

क्लिक केल्यावर उघडणारे पान हे दुकानाचे दार होय. पैठणीच्या जाहिरातीवरून आलेल्या गिऱ्हाईकास पैठण्यांचेच पान दिसले पाहिजे. पेढीच्या संस्थापकांचे चरित्र नव्हे. त्या पानावर मालाची स्वतः काढलेली छायाचित्रे, भावाची मर्यादा, पत्ता, नकाशा, वेळ, आणि बोट लावताच फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप लागेल अशी सोय असावी. पान फोनवर झटकन उघडले पाहिजे. दुकानात शिरलेल्या माणसाकडे कोणी पाहिलेच नाही तर तो परत फिरतो; येथे तर तो दोन-चार क्षणांत परत फिरतो, आणि जाताना आपला दाम खर्ची टाकून जातो.

रोजमेळ ठेवा

जुन्या जाहिरातीत जे साधत नव्हते ते येथे साधते, ते म्हणजे मोजमाप. जाहिरातीवरून किती फोन आले, किती जणांनी चौकशीचा अर्ज भरला, हे नोंदविण्याची व्यवस्था खात्यातच आहे. ती पहिल्या दिवशीच लावून घ्यावी. परंतु दुकानात येऊन रोख खरेदी करणाऱ्याची नोंद यंत्राला कळत नाही. त्यासाठी गल्ल्यापाशी एक साधी वही असावी. तारीख, गिऱ्हाईकास दुकान कसे कळले, काय घेतले, किती सुटले, एवढे चार रकाने पुरेत. प्रश्न विचारावयास संकोच करू नये; नम्रपणे विचारल्यास गिऱ्हाईक आनंदाने सांगते.

निर्णय किती दिवसांनी घ्यावा, याविषयी थोडे गणित सांगणे अगत्याचे आहे. आपले खरे प्रमाण शंभरात चार असे धरले, तरी पहिल्या 25 क्लिकांत एकही विक्री न होण्याचा संभव तिनात एकाहून अधिक असतो. म्हणून 25 क्लिकांनंतर ‘ही गोष्ट आपल्याकडे चालत नाही’ असे म्हणून हात झटकणे अन्यायाचे होईल. उलट 100 क्लिक होऊनही एकही विक्री झाली नाही, तर तो निव्वळ योगायोग असण्याचा संभव शंभरात दोनांहूनही कमी आहे. तेव्हा मात्र शब्द, मजकूर किंवा पान, यांपैकी काहीतरी बिघडले आहे असे निश्चित समजावे. सारांश, पहिल्या मोहिमेस किमान दोन-तीनशे क्लिकांचा खर्च शिकवणीची फी म्हणून वेगळा काढावा आणि तो बुडाला तरी पेढीस झळ पोहोचणार नाही एवढाच असावा. कर्ज काढून ही जाहिरात करू नये.

सावधगिरीचे काही शब्द

पहिली गोष्ट खात्याच्या मालकीची. पुष्कळ दुकानदार हे काम एखाद्या जाहिरात कंपनीस देतात. त्यात वावगे काही नाही. पण खाते पेढीच्या नावाने, पेढीच्या ई-मेलवर उघडावे, आणि कंपनीस त्यात काम करण्याची परवानगी द्यावी. खाते तिच्या नावाने असेल, तर संबंध तुटताच शब्दांच्या याद्या, वर्ज्य शब्द, साऱ्या महिन्यांचा अनुभव तिच्याकडेच राहतो. आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. आपली खतावणी आपण दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवीत नाही, तसेच हे. गूगलला गेलेली रक्कम आणि कंपनीचा मेहनताना यांचे आकडे वेगवेगळे मागावेत. ‘पहिली जागा कायमची मिळवून देतो’ असे जो म्हणतो, त्याच्यापासून दूर राहावे. प्रत्येक शोधागणिक नवा लिलाव होत असताना असे आश्वासन कोणासही देता येत नाही.

दुसरी गोष्ट यंत्राच्या सल्ल्याची. खाते वेळोवेळी ‘अंदाजपत्रक वाढवा’, ‘शब्द सैल करा’ अशा सूचना करते. काही सूचना आपोआप अमलात आणण्याची सोयही असते. ती बंद ठेवावी. सल्ला देणाराच माल विकणारा आहे, हे विसरू नये. सूचना वाचाव्यात, आपल्या वहीशी ताडून पाहाव्यात, आणि मगच होय की नाही ते ठरवावे.

तिसरी गोष्ट नीतीची. शेजाऱ्याच्या जाहिरातीवर मुद्दाम क्लिक करून त्याचे पैसे संपवावेत, असा मोह काहींना होतो. अशी खोटी क्लिक ओळखून ती बिलातून वगळण्याची यंत्रणा गूगलने ठेवली आहे, म्हणून हा डाव बहुधा फसतो. पण फसला नाही तरी तो करू नये. दुसऱ्याच्या गल्ल्यातून पैसे काढणे आणि हे, यांत भेद तो काय? अचौर्यव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि बनावट मालाचा व्यवहार यांची गणना आपल्या आचार्यांनी फार पूर्वी केली आहे. आमच्या मते खोटी क्लिक त्याच रांगेत बसते.

चौथी गोष्ट कायद्याची. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तीच चूक केल्यास 50 लाखांपर्यंत. 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘आमिष’ जाहिरातीचाही स्पष्ट विचार केला आहे. जाहिरातीतील भावाने माल देण्याची वाजवी शक्यता असली पाहिजे आणि पुरेसा साठा असला पाहिजे. 999 रुपयांच्या दोन साड्या ठेवून शंभरांना बोलावणे, हे आता केवळ अशोभनीय नव्हे, तर धोक्याचेही आहे.

कोणी करावे, कोणी थांबावे

ही जाहिरात सर्वांस सारखी फलदायी नाही. ज्याच्या एका विक्रीत वीस-पंचवीस रुपये सुटतात, त्या किराणा दुकानदारास 10 रुपयांचा क्लिक परवडणार नाही. त्याने गूगलच्या नकाशावरील आपल्या दुकानाची नोंद शुद्ध करावी. पत्ता, वेळ, छायाचित्रे भरावीत, गिऱ्हाईकांना अभिप्राय लिहावयास विनवावे. हे काम विनामूल्य आहे. वस्तुतः प्रत्येकाने दाम मोजण्यापूर्वी प्रथम हेच करावे.

दागिने, लग्नाची वस्त्रे, फर्निचर, पाण्याचे पंप, शेतीची यंत्रे, घाऊक भांडी, अशा मोठ्या विक्रीच्या धंद्यांना ही रीत मानवते. घाऊक व्यापाऱ्यास महिन्यात दहाच क्लिक मिळोत. त्यांतील एक जरी कायमचा खरेदीदार निघाला, तरी वर्षाचा खर्च भरून निघू शकतो. म्हणून पहिल्या विक्रीच्या नफ्याबरोबरच, ते गिऱ्हाईक पुन्हा किती वेळा येते, हेही हिशेबात धरावे. घरी पापड, मसाले, लोणची करणाऱ्या आपल्या भगिनींनी आधी ओळखीच्या गिऱ्हाईकांतून माल सिद्ध करावा, अन्नपदार्थांसाठी लागणारी शासकीय नोंदणी करून घ्यावी, आणि दूरवर माल पाठविण्याची व्यवस्था बसल्यावरच या वाटेस लागावे.

समारोप

थोडक्यात सांगावयाचे तर क्रम असा आहे : नकाशावरील नोंद शुद्ध करणे, क्लिकची पडतळ काढणे, एकाच मालासाठी दहा-पंधरा नेमके शब्द आणि तेवढेच वर्ज्य शब्द निवडणे, गाव व वेळ बांधून घेणे, त्या मालाचे एक स्वच्छ पान करणे, खाते स्वतःच्या नावाने उघडणे, आणि वही ठेवणे. आठवड्यातून एक तास यासाठी राखून ठेवावा. त्या तासाला घरातील वडील माणसाने व तरुणाने एकत्र बसावे, अशी आमची सूचना आहे. तरुणास यंत्र कळते, वडिलांस गिऱ्हाईक कळते. एकाच्या हाती हे काम सोपविले की दुसऱ्याचे ज्ञान वाया जाते.

मोठ्या भांडवलाच्या कंपन्या गावोगावी घरपोच माल पोहोचवू लागल्या आहेत आणि कित्येक जुन्या पेढ्यांच्या फळ्या मिटू लागल्या आहेत, हे आपण डोळ्यांनी पाहत आहोत. ही जाहिरात त्यावरचा रामबाण उपाय आहे असे आम्ही म्हणत नाही. माल खोटा, भाव चढा किंवा बोलणे उर्मट असेल, तर ही जाहिरात ते दोष अधिक लोकांपर्यंत पोहोचवील, एवढेच. परंतु ज्याचा माल चोख व व्यवहार स्वच्छ आहे, त्याचे नाव योग्य गिऱ्हाईकापर्यंत थोड्या दामात नेण्याचे हे एक साधन आहे, आणि ते मोठ्यांइतकेच लहानांसही खुले आहे. आपल्या व्यापारी बंधू-भगिनींनी येत्या लग्नसराईपूर्वी वही-पेन्सिल घेऊन आपल्या एका क्लिकची पडतळ तरी काढून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.